दगडाच्या गावात इस्माईलभाई

इस्माईलभाई, दुपारी जेवून आडवा झालो आणि डोळा लागला, की हल्ली मी त्या गावात असतो. चढावरून खाली उतरत गेलेली दगडी गल्ली, शेकडो वर्षं माणसं चालून चालून गुळगुळीत झालेली. दोन्ही अंगांना मधाच्या रंगाची घरं. तुम्ही माझ्यापुढं दहा पावलं. पांढरा पायजमा, त्यावर लेकीनं घेऊन दिलेला जाड निळा कोट, आणि डावा हात भिंतीवरून फिरवत चाललेले. भिंत संपली की हात तसाच हवेत राहतो, पुढची आली की पुन्हा टेकतो. मी हाक मारतो. तुम्ही मागं न बघता म्हणता, "या की साहेब, हळू या. हे गाव कुठं पळून न्हाई चाललं." आणि मला जाग येते. लातूरची दुपार असते. समोरच्या हॉस्टेलच्या गच्चीवर पोरींचे कपडे वाळत असतात आणि खालच्या क्लासमधून कुणीतरी माइकवर रसायनशास्त्र शिकवत असतं.

तुम्हाला देगलूरला माती दिली, त्याला तीन आठवडे झाले. तिथं सगळे होते, म्हणून मी काही बोललो नाही. खरं म्हणजे तुमच्याशी जे बोलायचं होतं ते माझं कायमच राहून गेलं. आता बोलतो.

आपली ओळखच भांडणानं झाली. भूकंपाला चार महिने उलटले होते. तेरणेकाठची दगडामातीची गावं जमीनदोस्त झाली होती आणि वर माळावर नवी गावं बसवायचं काम चालू होतं. मी तिशीतला, पुनर्वसनाच्या कामावरचा इंजिनिअर. ढिगारे उपसायला पहिल्या दिवसापासून होतो. माळवदाची, म्हणजे मातीच्या जड छताची घरं, दोन-दोन हात रुंद भिंती, आणि सगळं माणसांच्या अंगावर. त्या दिवसांत काय काय बघितलं ते मी माझ्या बायकोला, सुमनलाही कधी सांगितलं नाही. एवढंच झालं, की तेव्हापासून दगडी छपराखाली, दगडी भिंतीशेजारी मी उभा राहू शकत नव्हतो. देवळातसुद्धा बाहेरूनच हात जोडायचो. लोकांना वाटायचं, साहेब घाईत आहेत.

तुम्ही देगलूरचे पिढीजात गवंडी. मराठी, दखनी सगळं बोलायचात, पण दगड मोजायची वेळ आली की तेलुगूवर यायचात. ओकटी, रेंडू, मूडू. नव्या गावात सिमेंटच्या ब्लॉकची घरं उठत होती, आणि तुम्ही तीसेक माणसांसमोर माझ्यापुढं येऊन उभे राहिलात.

"साहेब, एक घर दगडाचं बांधू द्या. एकच. बरोबर बांधून दाखवतो."

"नाही जमणार."

"दगडाला कायको बदनाम करताव? दगडानं न्हाई मारलं, साहेब."

मला तेव्हा काय झालं कुणास ठाऊक. मी ओरडलो, "दगडानं नाही, तुम्ही मारलं. तुमच्या हातच्या भिंतींनी माणसं मारली. लाज वाटत नाही वर तोंड करून दगड मागायला?"

सगळं काम थांबलं. तुम्ही थापी धुतली, बाहीला पुसली आणि निघून गेलात. मला वाटलं, हा माणूस काही परत येत नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर आठ वाजता तुम्ही सिमेंटच्या ब्लॉकवर ओळंबा धरून उभे होता. "हाव, सांगा साहेब, कुठून सुरू करायचं?"

मी माफी मागितली नाही. म्हटलं, संध्याकाळी मागू. संध्याकाळी म्हटलं, काम संपताना मागू.

काम संपलं, मी लातुरात छोटं ऑफिस टाकलं आणि तुम्हालाच बोलावलं. तोवर लातुराचं नशीब फिरलं होतं. सगळ्या महाराष्ट्रातून पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येत होती. ज्याच्याकडं रिकामा प्लॉट तो हॉस्टेल बांधत होता, ज्याच्याकडं दोन खोल्या तो मेस काढत होता. मी नकाशे काढायचो, तुम्ही बांधायचात. कॉलम, बीम, स्लॅब. दहा बाय दहाच्या खोलीत तीन कॉट. तुम्ही एकदा अशा खोलीत उभे राहून म्हणालात, "साहेब, ही खोली पडायची न्हाई. पण ह्यात पोरगं हसायचं बी न्हाई." मी म्हटलं, "हसायला घरी जाईल." तुम्ही मान हलवली आणि मालकाच्या मागं लागून खिडकी एक हात मोठी करून घेतलीत.

इतकी वर्षं आपण एका डब्यातून जेवलो. त्या दिवशीचं ते वाक्य काही तुम्ही काढलं नाही आणि मीही नाही.

तुमची तब्बू, तबस्सुम, त्याच क्लासमध्ये शिकली, ज्याचा दुसरा मजला तुम्ही चढवला होता. डॉक्टरकीला थोडक्यात हुकली. तुम्ही माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीवर बसून राहिलात. मी म्हटलं, परभणीला शेतकी करू द्या. तुम्ही म्हणालात, "गवंड्याची पोरगी, आता शेतात?" पण पाठवलंत. पोरगी शिकत शिकत फ्रान्समध्ये पोचली, द्राक्षाच्या वेलीला पडणाऱ्या रोगावर काम करायला. मग तुम्ही बाजारात ऐटीत सांगायला लागलात, "डॉक्टरच झाली. झाडांची हाय, एवढंच."

तिनं दोन तिकिटं पाठवली, तेव्हा तुमच्या बायकोला, आपांना, जाऊन वर्ष झालं होतं. दुसरं तिकीट आपांसाठीच घ्यायचं तिच्या मनात होतं. तुम्ही ते माझ्यापुढं धरलंत. "साहेब, मला तिकडली भाषा येत न्हाई."

"मला तरी कुठं येते?"

"मग दोघं मिळून न्हाई बोलू."

सुमन म्हणाली, जाऊन या. माझे गुडघे काही मला जाऊ देणार नाहीत, निदान तुम्ही तरी जग बघा. तिनं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आपण निघालो.

बोर्दोहून तब्बूनं गाडी काढली त्या सकाळी सगळीकडं धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षं. आपल्याकडं डोक्याच्या वर मांडव, इथं कमरेएवढी झाडं, शाळेतल्या पोरांसारखी ओळीत उभी. तोडणी चालू होती. तुम्ही खिडकीची काच खाली करून वास घेत होता. मधेच म्हणालात, "गुळाच्या गुऱ्हाळासारखा वास हाय ना?" होता तसाच. पण त्याच्या खाली काहीतरी आंबट, दमट. मग धुक्यातून एक मनोरा वर आला, मग छपरं, मग एकदम सगळं गाव, टेकडीच्या कुशीत एकमेकांना धरून बसलेलं. सातशे-आठशे वर्षांचं, तब्बू म्हणाली. तुम्ही गाडीतच टोपी नीट केलीत, जणू कुणा वडीलधाऱ्याला भेटायला चाललो होतो.

त्या गावाचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. "दगडाचं गाव" म्हणायचात. तब्बूनं सांगितलं की घरांचा दगड गावाच्या खालूनच काढलेला आहे, खाली सगळ्या खाणी आहेत, आणि आता त्यात दारूची पिंपं ठेवतात. तुम्ही रस्त्यावर पाय आपटून बघितलात. "म्हणजे खालचं गाव वर आणून ठेवलंय?" आणि इतके हसलात की जाणारी एक बाई थांबून तुमच्याकडं बघून हसली.

मला मात्र हसू येत नव्हतं. वर दगड, बाजूला दगड, पायाखाली पोकळी. जेवायला तब्बूनं तळघरातलं एक हॉटेल निवडलं होतं, कमानींचं, मेणबत्त्या लावलेलं. मी दाराशीच थांबलो. म्हटलं, मला भूक नाही, तुम्ही जा, मी जरा चौकात बसतो. बाकावर जाऊन बसलो. पाच मिनिटांनी तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात, पिशवीतून भाकरी काढलीत आणि तुकडा मोडून माझ्या हातात दिलात. वर घंटा वाजत होत्या. उन्हं आता धुक्यातून उतरून भिंतींवर आली होती आणि सगळा चौक आतून दिवा लावल्यासारखा पिवळा झाला होता. कबुतरं शेंगदाण्याची चटणी खाऊन बघत होती.

"तिथं आत लई धूर होता," तुम्ही म्हणालात.

मेणबत्त्यांचा कसला आलाय धूर, इस्माईलभाई. तुम्हाला कधीपासून माहीत होतं माझं भय? मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत.

दुपारी गावाबाहेर मळ्यांच्या कडेकडेनं आपण चालत गेलो. एका जुन्या घराची बाजूची भिंत उतरवून पुन्हा बांधत होते, आणि बांधणारी होती एक बाई. चाळिशीची, केसांना रुमाल बांधलेला, हात कोपरापर्यंत चुन्यानं माखलेले. तुम्ही जागच्या जागी थांबलात. बाई गवंडीण तुम्ही जन्मात पहिल्यांदा बघत होता. तिनं मान हलवली, तुम्ही सलाम केलात. तब्बू म्हणाली, मी कॉफी घेऊन येते, आणि गेली. आता आपण तिघं, आणि एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, तुमची-माझी सोडून.

तुम्ही तिच्या चुन्यात बोट घातलंत, दोन बोटांत चोळून बघितलंत. ती काहीतरी म्हणाली. तुम्ही म्हणालात, "जरा ढिला हाय, बाई." तिनं काय समजायचं ते समजून वाळू वाढवली. मग तिनं तुम्हाला हातोडा दिला. तुम्ही कोट काढून माझ्याकडं दिलात. पाऊण तास तुम्ही दोघं दगड फिरवून, ठोकून, बसवत होता आणि मी तुमचा कोट धरून द्राक्षांच्या ओळींकडं बघत उभा होतो. आयुष्यात इतकी शांत दुपार मला आठवत नाही.

भिंत एका टोकाला उघडी होती. तिच्या पोटातलं दिसत होतं. बाहेरचा थर, आतला थर, मधे भर. आणि हातभर उंचीवर, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार गेलेला एक लांब दगड, दोन्ही थर एकमेकांना शिवून टाकणारा. त्याच्या वर थोड्या अंतरावर दुसरा. मग तिसरा. तुम्ही एकेकावर हात ठेवलात. ओकटी. रेंडू. मूडू. आणि खाली रचलेल्या दगडांवर मटकन बसलात.

"साहेब, तुम्ही त्या दिवशी बोलले ते खरं होतं."

मी काही बोलायच्या आत तुम्ही हात वर केलात.

"रुकय्या माझी भैन. तिला निलंग्याकडं दिलती. तिचं घर मी बांधलं. भिंत अशीच, दोन थराची. असे लांब दगड घालायला पाहिजे होते, अब्बानं शिकवलं होतं मला. पण खाणीवर तसे दगड काढायला आठ दिवस लागणार होते, आन मेव्हण्याला घाई. मी म्हणलो, राहू द्या, आत कोण बघतंय? वरून गिलावा केला. लई झ्याक दिसायचं घर." तुम्ही चुन्यानं पांढऱ्या झालेल्या हातांकडं बघत होता. "रुकय्या, मेव्हणा आन तिची सासू, तिघं त्याच भिंतीखाली. पोरगं तेवढं वाचलं, ते माझ्याकडं देगलूरला होतं. दगडानं न्हाई मारलं, साहेब. मी तेच सांगायला आलो होतो तुमच्याकडं. एक घर नीट बांधायचं होतं मला. तुम्ही नको म्हणले."

ती बाई काम थांबवून बघत होती. तिला शब्द कळले नसतील. तिनं आपल्या पाण्याची बाटली तुमच्यापुढं धरली.

मला तेव्हा म्हणायचं होतं, इस्माईलभाई, मला माफ करा. मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसलं तरी ते वाक्य कुणालाच म्हणायचं नसतं. मी तुम्हाला नाही म्हटलं ते नियम होता म्हणून नाही, मला दगडाचं भय वाटत होतं म्हणून. इतकं सगळं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तब्बू कागदी कपांतून कॉफी घेऊन आली. तुम्ही डोळे पुसलेत आणि तिला म्हणालात, "चुना डोळ्यात गेला." मी कोट तुमच्या खांद्यावर टाकला. विमानात, नंतर हैदराबादहून येताना गाडीत, बीदरच्या घाटात, किती वेळा तुमच्याकडं बघितलं. तुम्ही झोपलेले असायचात, किंवा तसं दाखवत तरी होता.

परत आल्यावर तुम्ही तरुण झालात. रुकय्याचा पोरगा, तुमचा भाचा, आता पुण्याला नोकरीत. नव्या गावात त्याला मिळालेल्या प्लॉटची निम्मी जागा तुम्ही त्याच्याकडून मागून घेतलीत आणि दगडाची एकच मोठी खोली बांधायला काढलीत. गावातल्या पोरींना अभ्यासाला. सगळ्यांनाच काही लातुराला पाठवणं झेपत नाही, म्हणालात. नकाशा मी काढला. फोनवर आपण दोन महिने भांडलो. मी म्हणायचो, पायाशी, दारावर आणि छताखाली भूकंपात भिंत धरून ठेवणारा सिमेंटचा पट्टा पाहिजेच. तुम्ही म्हणायचात, त्या दगडाच्या गावात कुठं पट्टे होते? मी म्हणायचो, त्या गावाखाली आपली हलणारी जमीन नाही. शेवटी एक दिवस तुमचा फोन. "तीन पट्टे टाकले. खुश का आता? पण लांब दगड माझ्या हिशोबानं टाकले, तुमच्या नकाशापेक्षा दुप्पट."

खोली झाली आणि कुणी येईना. पोरी दारापर्यंत यायच्या आणि आया त्यांना मागं ओढायच्या. दगड म्हटलं की तेरणेकाठच्या माणसांना भूकंपाची पहाट आठवते. तुम्ही मला म्हणालात, "साहेब, एक दिवस येऊन बसा. इंजिनिअर आत बसला म्हणजे लोक बी बसतील."

येतो म्हणालो. सुमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मग कुणाचा तरी स्लॅब. मग पाऊस. दीड वर्ष मी येतच राहिलो, इस्माईलभाई. तुम्ही विचारत राहिलात आणि मग विचारायचं थांबलात.

नांदेडच्या दवाखान्यात भेटलो तेव्हा तुम्ही फार थकला होता. नाकात नळी. तब्बू फ्रान्सहून त्याच सकाळी पोचली होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"बसलात का?"

मी म्हणालो, "हो, बसलो. मागच्याच आठवड्यात जाऊन आलो."

"कशी वाटली?"

"एकदम झकास, इस्माईलभाई."

तुम्ही माझ्या तोंडाकडं खूप वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "हाव." आणि डोळे मिटलेत. माझा धरलेला हात मात्र सोडला नाहीत. खोटं बोललो हे तुम्हाला कळलं होतं, हे मला तिथंच कळलं. तरी मी खरं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

परवा तब्बूला म्हटलं, मला तिथं घेऊन चल. गाडीत मी तिला सगळं सांगितलं. तीस माणसांसमोर तुम्हाला बोललेलं वाक्य, जसंच्या तसं. ती रस्त्याकडं बघत गाडी चालवत होती.

"अब्बा मला कधी बोलले नाहीत हे."

"मला माहीत आहे."

"तुम्ही माफी मागितली त्यांची?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगताय, काका?" तिचा आवाज कडक होता. पुढं मैलभर ती तशीच गाडी चालवत राहिली. मग तिनं आपल्या ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं." माफ केलं असं ती म्हणाली नाही. ते तिच्या हातातही नव्हतं.

तुमची खोली माळाच्या टोकाला आहे. मी आधी तिच्याभोवती तीन वेळा फिरलो. कोपरे बघितले, पट्टे बघितले, लांब दगडांची तोंडं मोजली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मग दार उघडलं. तब्बू गाडीपाशीच थांबली. आत चटई टाकलेली होती. मधोमध जाऊन बसलो. तुमच्या खिडक्या मोठ्या आहेत, सगळा माळ आत येतो. करडईचं पिवळं फुललेलं रान दूरवर हलत होतं आणि मला क्षणभर कळेना की मी तेरणेकाठी आहे की तिकडं दगडाच्या गावात. मी मोठ्यानं म्हणालो, "इस्माईलभाई, मला माफ करा. मी आज बसलोय. त्या दिवशी दवाखान्यात खोटं बोललो."

दारात काही बाया जमल्या होत्या. त्यातली एक म्हातारी पुढं आली, सारजाबाई. तब्बूनं नंतर सांगितलं, त्यांच्या घरातली चार माणसं त्या पहाटे गेली, आणि तेव्हापासून त्या पत्र्याच्या शेडात राहतात. भिंतीच्या घरात पाय ठेवत नाहीत.

"तुमी विंजनेर ना?"

"हो, मावशी."

"भ्या वाटंना का आत?"

"वाटतंय."

"मंग?"

"वाटतंय तरी बसलोय."

त्यांनी चप्पल काढली. उंबऱ्यावरून हात फिरवला आणि आत येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर, भिंतीपासून लांब, चटईच्या मधोमध बसल्या. आम्ही दोघं बाहेर बघत होतो. कुणाच्या तरी पोरीनं दाराशी दप्तर ठेवलं. थोड्या वेळानं सारजाबाई मागं मागं सरकल्या, आणि त्यांनी भिंतीला पाठ टेकली. मग मीही सरकलो.